विश्वामित्रीतल्या छीपा आणि स्कॉटलंडचा शंभरी गाठणारा शिंपला

चंदनतलाव

गेल्या आठवड्यात संध्याकाळी इथे वडोदऱ्यात विश्वामित्री नदीकडे फिरायला गेले होते. नदीतून काढलेला गाळ काठावर ढीग करून टाकलाय, तिथे काळ्या चिखलात काहीतरी चमकलं. वाकून उचललं तर तळहाताएवढी शिंपली, दोन्ही शकलं अजून बिजागरीला जोडलेली. आतून मोतिया, कडेला जांभळट झाक. एकदा नजर बसल्यावर मग त्याच ढिगात आणखी कितीतरी दिसायला लागल्या.

आमच्या घरी हिला छीपच म्हणायचे. आजी कैऱ्या सोलायला छीप वापरायची. पाट्यावर तिची फुगीर बाजू घासघासून मध्ये भोक पाडायचं. त्या भोकाची धार कैरीवरून फिरवली की साल पापुद्र्यासारखी सुटून यायची. ही छीप विश्वामित्रीतलीच असायची. आजोबा सकाळी नदीवरून येताना घेऊन यायचे.

फोटो काढून भाचीला पाठवला. ती स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेसला असते. तिचं पहिलंच उत्तर आलं, "मावशी, इकडच्या नदीतला असा जिवंत शिंपला पाण्यातून नुसता उचलला तरी तो गुन्हा आहे." मला आधी पटेना. मग तिने सांगितलं ते ऐकत गेले, आणि त्यानंतर चार रात्री मिळेल ते वाचत बसले.

तो शिंपला म्हणजे गोड्या पाण्यातला मोती-शिंपला, मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा. थंड, स्वच्छ, वाहत्या नद्यांत राहतो. वाळूत दोन-तृतीयांश रुतून उभा असतो आणि पाणी आत ओढून, गाळून बाहेर सोडत असतो. पूर्ण वाढलेला एक शिंपला दिवसाला साधारण ५० लिटर पाणी गाळतो असं मानतात. आणि आयुष्य? शंभर वर्षांहून जास्त. म्हणजे सयाजीराव महाराज गादीवर असताना जन्मलेला शिंपला आजही त्याच नदीत, त्याच जागी उभा असू शकतो. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो आहे. युरोपातल्या अनेक नद्यांतून गेला, स्कॉटलंडमध्ये त्यातल्या त्यात टिकून आहे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. युरोपातल्या कित्येक नद्यांत हे शिंपले आजही दिसतात, चांगले दणकट, हातभर अंतरावर एक. पण सगळे म्हातारे. पन्नास-साठ-सत्तर वर्षांत तिथे एकही पिल्लू तगलेलं नाही. बघणाऱ्याला वाटतं, आहेत की भरपूर! प्रत्यक्षात त्या नदीत त्यांचा वंश केव्हाच थांबलेला असतो.

तेव्हापासून तो ढीग डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यात मला सगळ्या मोठ्याच छीपा दिसल्या. लहान शोधायचं तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. इथे कोणी विश्वामित्रीत, आजव्याला, महीत किंवा वढवाणा तलावात लहान छीपा पाहिल्या आहेत का? जाणकारांनी लिहावं.

मनीषा_रावपुरा

ताई, कैरी सोलायची छीप! आमच्याकडे तान्ह्या बाळाला औषध पाजायलाही शिंपलीच असायची. माझ्या मुलाला सासूबाईंनी त्याच शिंपलीने बाळगुटी दिली. ती अजून देवघराच्या खणात आहे. आज काढून बघितली, आतून तश्शीच चमकते.

एक विचारायचं होतं. खंडेराव महाराजांनी करून घेतलेला मोत्यांचा गालिचा, त्यातले मोती याच जातीचे का?

चंदनतलाव

नाही मनीषा, ते समुद्रातले. साधारण १८६५च्या सुमारास तो गालिचा करून घेतला, त्यातले मोती बसऱ्याचे, म्हणजे इराणच्या आखातातले. कालवाच्या जातीचा प्राणी तो, पाणीही खारं. २००९मध्ये दोह्याला त्याचा लिलाव झाला तेव्हा आपल्याकडच्या जुन्या लोकांत केवढी हळहळ होती, आठवतं का?

पण नदीच्या मोत्यांनाही राजदरबारी मान होता. स्कॉटलंडच्या राजमुकुटात तिथल्या नद्यांतले मोती आहेत.

निवृत्त_मास्तर

मी पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. हा विषय निघाला याचा मनापासून आनंद झाला, त्यामुळे थोडं लांबवतो.

स्वातीचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो ही कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात शिंपल्याच्या अंगाला आतून चिकटलेलं एक मऊ पटल असतं, तेच कवचाचा मोतिया थर घडवतं. कवच आणि पटल यांच्यामध्ये काही खुपणारं अडकलं, एखादा सूक्ष्म परजीवी किंवा पटलाचाच तुटका कण, की त्याच्यावर तेच थर चढत जातात. म्हणजे मोती ही शिंपल्याची जखम बुजवण्याची रीत.

मोत्यापेक्षा विलक्षण आहे त्याचं बालपण. उन्हाळ्यात नर पाण्यात शुक्राणू सोडतो, मादी ते पाण्याबरोबर आत घेते. अंडी तिच्या कल्ल्यांतच वाढतात. मग एक मादी लाखांनी, कधी तीस-चाळीस लाख, अळ्या नदीत सोडते. मिठाच्या कणाहूनही कितीतरी बारीक, पण प्रत्येकीला दोन चिमुकली शकलं असतात, उघड्या चिमट्यासारखी. या चिमट्याला काही दिवसांत माशाचा कल्ला सापडला पाहिजे. तोही वाटेल त्या माशाचा नाही, या जातीला सामन किंवा तपकिरी ट्राउट, आणि शक्यतो कोवळे मासेच लागतात. सापडला की मिटायचं, माशाची त्वचा तिच्याभोवती वाढते, आणि सबंध हिवाळा ती तिथे काढते. पुढच्या मे-जूनमध्ये गळून तळाशी पडते. बाकीच्या लाखो वाहून जातात.

१७९७ साली राथके नावाच्या शास्त्रज्ञाने शिंपल्याच्या कल्ल्यात या अळ्या पाहिल्या आणि त्याला वाटलं, हे शिंपल्याला पोखरणारे परजीवी आहेत. त्याने त्यांना नावही तसंच दिलं, ग्लोकिडियम पॅरासिटिकम. ती त्याचीच पिल्लं आहेत हे नंतर कळलं, पण ग्लोकिडियम हे नाव राहिलं. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

आता ताईंच्या मुद्द्याकडे. गळून पडलेलं पिल्लू सुमारे पाच वर्षं वाळू-खड्यांच्या आत गाडलेलं राहतं. तिथल्या फटींतून ताजं पाणी खेळत राहिलं तरच जगतं. वरच्या डोंगरावर नांगरट झाली, झाडं तोडली, काठ ढासळला, की बारीक माती त्या फटींत बसते. खतातलं आणि सांडपाण्यातलं फॉस्फरस उतरलं की तळावर शेवाळाची चादर पसरते. मोठा शिंपला मान वर काढून उभा असतो, त्याला हे सोसतं. पिल्लू खाली गुदमरतं. म्हातारे दिसतात आणि तरणे दिसत नाहीत ते यामुळे. वयात यायलाच दहा ते पंधरा वर्षं लागतात, तेव्हा एका बिघडलेल्या दशकाची भरपाई पुढची कितीतरी वर्षं होत नाही.

आणि मासा गेला तर सगळंच संपलं. ब्रिटनमधला सामन २०२३ अखेर धोक्यातल्या यादीत गेलाय. याच्याच मोठ्या भावंडाची, मार्गारिटिफेरा ऑरिक्युलारियाची, कथा याहून करुण. स्पेनच्या एब्रो नदीत तो आहे. त्याच्या शिंपल्यांपासून चाकूंच्या मुठी बनायच्या. त्याच्या अळ्यांना वाहून नेणारा मासा होता स्टर्जन, आणि एब्रोतला स्टर्जन विसाव्या शतकात संपला. शिंपला राहिला, वाहन गेलं.

दांडियाबाजार

मास्तर, वाचताना अंगावर काटा आला. तरीही एक विचारतो, कोणी वाईट वाटून घेऊ नका.

ऑगस्ट २०२४च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. आई ८१ वर्षांची, तिला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने वर नेलं. दोन दिवस वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, आणि मगर गल्लीत आल्याचे निरोप फोनवर. नदी रुंद करा, गाळ काढा, असं आम्हीच सगळे ओरडत होतो. आता ते काम सुरू झालं तर छीपांचं काय, हा प्रश्न मला पटतो, पण आईच्या जागी बसून बघितलं तर कठीण वाटतो.

चंदनतलाव

दादा, वाईट कशाला वाटेल. आमच्या सोसायटीतही पाणी होतं, माझी शिलाई मशीन त्यातच गेली. गाळ काढू नका असं मी म्हणतच नाहीये.

म्हणणं एवढंच आहे की नदीचा तळ म्हणजे नुसता गाळ नाही. एका बाजूने सरसकट खरवडत गेलं तर तिथे जे रुतून बसलंय ते ट्रकमध्ये जातं. मगर पळू शकते, तिची मोजणीही होते, २०२५च्या फेब्रुवारीत झाली तेव्हा शहरातल्या पट्ट्यात चारशेवर मगरी निघाल्या. कासवाची अंडी हलवता येतात. छीप पळत नाही आणि तिला कोणी मोजत नाही. थोडा पट्टा करायचा, थोडा तसाच ठेवायचा, मग तो करायचा, एवढं जमलं तरी शेजारच्या पट्ट्यातून ती पुन्हा पसरू शकते. खोदण्याआधी हाताने वेचून वरच्या अंगाला सोडता येतात. युरोपात नदीत पुलाचं वगैरे काम असलं की आधी शिंपले आहेत का ते बघतात.

आणि पाणी गाळायचं काम ती फुकट करते. सांडपाणी मिसळलेल्या नदीत असा प्राणी आपणहून राहतोय, त्याला आपणच उचलून डंपिंगवर टाकायचं, हे मला सहन होत नाही.

पर्थवासी

मूळचा कारेलीबागेतला, गेली अकरा वर्षं स्कॉटलंडात पर्थला. माझ्या घरापासून टे नदी चालत दहा मिनिटं. १९६७ साली याच नदीत एक मोठा गोल मोती सापडला होता, इथली म्हातारी माणसं अजून त्याची गोष्ट सांगतात.

मोती काढणाऱ्यांची जुनी पद्धत अशी: कमरेइतक्या पाण्यात उतरायचं, तळाला काच लावलेली बादली पाण्यावर टेकवून तळ बघायचा, टोकाला फाटा पाडलेल्या लांब काठीने शिंपला उपटायचा. जुने जाणते लोक मोजकेच उघडायचे, काही तर चिमट्याने जरासं उघडून, बघून परत ठेवायचे. मग हौशे-गवशे आले आणि सरसकट फोडू लागले. बहुतेक शिंपल्यांत मोती नसतोच. १९९८पासून मारणं, उचलणं, त्रास देणं, सगळ्याला बंदी आहे, तरी चोरी थांबलेली नाही.

मी एकदा उत्तरेकडे फिरायला गेलो असताना नदीकाठच्या गवतात रिकाम्या शिंपल्यांचा ढीग पाहिला. काळपट, माझ्या तळहातापेक्षा लांब, सगळे जबरदस्तीने उघडलेले, कडा तुटलेल्या. काहींच्या आत मांस अजून ओलं होतं. प्रत्येकाच्या पाठीवर वाढीच्या रेघा, झाडाच्या खोडात असतात तशा, कडेकडे इतक्या दाट की मोजता येईनात. माझ्या आजोबांच्या वयाचे जीव होते ते. पोलिसांना फोन केला, त्यांनी जागा आणि वेळ नीट लिहून घेतली. तेवढं तरी बरं वाटलं.

ऋता

शिंपल्याची बटणं विसरू नका! आमच्या आजोबांच्या सदऱ्याला असायची, धोब्याकडून आली की आधी मोजायची. अमेरिकेत १८९१च्या सुमारास आयोवातल्या मस्कटीन गावी नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करायचा धंदा सुरू झाला, आणि मिसिसिपीच्या तळातून टनावारी शिंपले निघाले. पुढे प्लास्टिक आलं म्हणून ते थांबलं. तोवर धरणांनी नद्या अडवायला घेतल्या होत्या. २०२३मध्ये तिथल्या सरकारने २१ जाती नामशेष म्हणून यादीतून काढल्या, त्यात आठ शिंपल्यांच्या होत्या.

शेततळे

पादरा तालुक्यात शेती. हे लिहू की नको, दोन दिवस विचार केला.

चार वर्षांपूर्वी मोत्यांच्या शेतीचं फार ऐकलं. तळ्यात शिंपले सोडा, दीड वर्षात लाखो कमवा. एका ठिकाणी तीन दिवसांचं शिक्षण घेतलं. शिंपला जरासा उघडून पटलाखाली साचा सरकवायचा, गणपतीच्या वगैरे आकाराचा, मग काही दिवस औषधाच्या पाण्यात ठेवून जाळीच्या पिशवीतून तळ्यात टांगायचं. शिकवणाऱ्यांनीच ५०० शिंपले दिले. पोत्यातून आले, ओल्या गोणपाटात. कुठले विचारलं तर म्हणाले, मासेमार आणतात. दोन महिन्यांत निम्म्याहून जास्त मेले. सकाळी तळ्यावर गेलो की वास यायचा. उरलेल्यांतून विकण्यासारखे निघाले सात मोती.

पैसे गेले त्याचं दुःख ओसरलं. पण हे वाचल्यावर कळतंय की ते ५०० कोणत्या तरी नदीतून उपटलेले होते, आणि माझ्यासारखे शिकाऊ प्रत्येक तुकडीत वीस-पंचवीस असायचे. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने हे तंत्र नीट बसवलंय, त्यात खोट नाही. पण शिंपला स्वतःच्या तळ्यात जन्माला घालून वाढवणारे किती? सगळ्यांना नदीच दिसते.

निवृत्त_मास्तर

शेततळे, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आपल्याकडे मोत्यांसाठी मुख्यतः लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस वापरतात, तो अजून भरपूर आढळणारा मानतात. ताईंच्या फोटोतली छीपही बहुधा याच कुळातली, पण फोटोवरून जात ठरवू नये, बिजागरीचे दात बघावे लागतात. हिच्याही अळ्यांना मासा लागतोच.

भारतात खरोखर धोक्यातला असा एक आहे, स्यूडोमुलेरिया डालाई. कर्नाटकात, सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांत. तो वाळूत रुतत नाही, समुद्रातल्या कालवासारखा खडकाला कायमचा चिकटून वाढतो. त्याच्या वंशात ही एकच जात. धरणाच्या फुगवट्याखाली खडक बुडाला आणि वाहतं पाणी थांबलं, की त्याला सरकायलाही पाय नाही.

मनीषा_रावपुरा

रविवारी वढवाण्याला गेलो होतो. मुग्धबलाक होते, चोचीत मध्ये फट असते ते. गावातला एक मुलगा म्हणाला, "फाटीचांच ढोंक." एकाने चिखलातून छीप काढली आणि चोचीचं टोक आत खुपसून इतक्या अलगद उघडली, की कवच न तुटता तसंच पडलं. माझ्या मुलाने उचलून आणलं. साधारण अंगठ्याएवढं आहे, लांबीला.

चंदनतलाव

मनीषा, अंगठ्याएवढं? म्हणजे तिथे लहान आहेत! कृपया पट्टी ठेवून फोटो टाक, आणि पुढच्या वेळी कवच तिथेच राहू दे.

मीही काल सकाळी त्या ढिगाकडे जाऊन आले. सोबत यजमान होते. (ज्यांना जायचं आहे त्यांना विनंती: पाण्याजवळ अजिबात उतरू नका, मगरी काठावरच ऊन खात असतात. वरच्या रस्त्यालगतचा वाळलेला गाळच बघा, आणि दोघांनी जा.) तासभर वेचल्या आणि वर्तमानपत्रावर लहान-मोठ्या अशा मांडल्या. मोठ्यांनी दोन पानं भरली. लहान तीन, त्यांतली एक तर नखाएवढी, इतकी पातळ की तिच्यातून उजेड दिसत होता. तीनही रिकाम्या. पण इथे जन्मलेल्या.

गाळावर काम करणारा एक मुलगा बघत उभा होता. त्याने विचारलं, "बेन, आ शुं करो छो?" सांगितलं. तो म्हणाला, जिवंतसुद्धा निघतात, तोंड मिटलेल्या, आम्ही फेकून देतो. मी विचारलं, फेकण्याऐवजी वरच्या अंगाला पाण्यात टाकाल का? म्हणाला, "सेठने पूछवुं पडे."

दांडियाबाजार

ताई, त्या सेठला मी ओळखत नाही, पण तिथे येणाऱ्या एका ट्रकवाल्याला ओळखतो. पुरात त्यानेच आमच्या गल्लीत दूध पोचवलं होतं. उद्या त्याच्याशी बोलतो. किती वाजता असता तुम्ही तिथे?

चंदनतलाव

साडेसहाला. आणि दादा, आईंना विचाराल का, त्यांच्या लहानपणी कैरीची छीप कुठून आणायचे?

दांडियाबाजार

विचारलं. म्हणते, नदीत पाय घातला की बोटांना लागायच्या.